बाभळीची डहाळी

फ्रीमेसन लोकांच्या तिसऱ्या दीक्षेत एक खून होतो आणि जो दीक्षा घ्यायला आलेला असतो त्यालाच मरावं लागतं. गोष्ट अशी. राजा सॉलोमनचं जेरुसलेममधलं मंदिर बांधून होत आलंय. बांधकामाचा मुख्य कारागीर हिराम अबिफ. त्याच्याकडे 'मास्टर' लोकांचा एक गुप्त शब्द आहे. तो ज्याला माहीत, त्याचा दर्जा वरचा. तीन कारागीर त्याला मंदिराच्या दारांवर अडवतात, शब्द मागतात. तो देत नाही. ते त्याला मारतात, रात्री बाहेर नेऊन डोंगरावर पुरतात. शोधायला निघालेल्यांपैकी एक जण दमून चढावर टेकतो, उठताना आधाराला शेजारचं रोपटं धरतो, तर ते अलगद हातात येतं. मुळंच नाहीत. कुणीतरी नुकतंच खोचून ठेवलंय. खालची माती भुसभुशीत. हिराम सापडतो.

ते रोपटं म्हणजे अकेशियाची डहाळी.

यात आता गुप्त म्हणावं असं काही उरलेलं नाही. १७३० साली सॅम्युअल प्रिचर्ड नावाच्या माणसाने लंडनमध्ये 'मेसनरी डिसेक्टेड' नावाची पुस्तिका छापून ही सगळी प्रश्नोत्तरं, खुणा आणि हिरामची गोष्ट चव्हाट्यावर आणली. बायबलमध्येही हिराम आहे, पण तिथे तो टायरहून आलेला, पितळेची कामं करणारा, एका विधवेचा मुलगा. खून वगैरे नाही. तो मेसन लोकांनी घातला.

मला हे सगळं वाचायला लागलं ते माझ्या चुलतभावामुळे. तो पुण्यात इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. मी ज्युनियर कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवते, त्यामुळे घरात 'हे पान खाल्लं तर चालतं का' छापाचे प्रश्न माझ्याकडेच येतात. पण याने मार्चमध्ये रात्री दीड वाजता एक रील पाठवलं. काळी पार्श्वभूमी, त्रिकोणातला डोळा, घोगरा आवाज. म्हणणं असं की मेसन लोकांचं खरं गुपित शब्द नाहीच, झाड आहे. अकेशियात डीएमटी नावाचं रसायन असतं. ते घेतलं की माणूस मरून परत येतो. दीक्षेतलं मरण हे नाटक नव्हतं, नशा होती. ती पुढे लोक विसरले आणि उरली फक्त डहाळी. खाली याचा प्रश्न: 'ताई, अकेशिया म्हणजे आपली बाभूळच ना?'

हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. आपली बाभूळ शंभर नंबरी अकेशिया होती. हे नावच ग्रीकांनी इजिप्तकडच्या काटेरी झाडाला दिलं होतं, आणि ते झाड म्हणजे आपल्या बांधावरची बाभूळच. पुढे ऑस्ट्रेलियात शेकडो जाती सापडल्या, त्यांनाही अकेशियाच म्हटलं गेलं. मग शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं की हे एक कुटुंब नाही, वेगवेगळी आहेत. नाव कुणाकडे ठेवायचं? २००५ साली व्हिएन्नाच्या वनस्पतीशास्त्र काँग्रेसमध्ये ते ऑस्ट्रेलियाकडे गेलं, २०११ला मेलबर्नमध्ये त्यावर पुन्हा भांडण झालं आणि निर्णय कायम राहिला. जिच्यावरून नाव पडलं ती बाभूळ आता कागदोपत्री 'वॅचेलिया निलोटिका'. आमच्या विभागात अजून जुन्याच पाट्या आहेत आणि त्या बदलायची मला अजिबात घाई नाही.

म्हणजे रीलवाल्याची अकेशिया आणि मेसनची अकेशिया या नावापुरत्या बहिणी. डीएमटीसाठी ज्यांची नावं घेतली जातात त्या बहुतेक ऑस्ट्रेलियातल्या नाहीतर तैवानकडच्या. ऑस्ट्रेलियन अकेशियाच्या सालीत ते सापडल्याचं १९६५ साली छापून आलं. जोसेफ बँक्स कॅप्टन कुकच्या जहाजावरून ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर उतरला १७७०मध्ये. प्रिचर्डची पुस्तिका त्याच्या चाळीस वर्षं आधीची. आपल्या बाभळीच्या सालीत भरपूर असतं ते टॅनिन. त्याने चामडं कमावतात, आणि हिरड्या दुखत असतील तर सालीच्या काढ्याने गुळण्या करतात. तोंड तुरट होतं, एवढाच साक्षात्कार. (आणि वेडी बाभूळ हे वेगळंच झाड, मेक्सिकोकडून आलेलं. 'वेडी' हे तिच्या पसरण्याला म्हणतात. त्याच रात्री त्याने तेही विचारलं होतं.)

पण हा सिद्धांत मी असाच उडवून लावला तर ते बरोबर होणार नाही. तो रीलवाल्याच्या डोक्यातून निघालेला नाही. पी. डी. न्यूमन नावाच्या अमेरिकन लेखकाने, जो स्वतः मेसन आहे, २०१७ साली यावर एक पुस्तकच लिहिलं. त्याआधी २००८मध्ये जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या बेनी शॅनन या मानसशास्त्राच्या प्राध्यापकाने निबंध लिहून विचारलं होतं, की मोझेसला दिसलेलं जळतं झुडूप म्हणजे अकेशिया आणि हरमल यांचा परिणाम असेल का? त्याने शीर्षकातच हा तर्क आहे असं म्हटलं होतं, आणि हे मला आवडलं. करारकोश अकेशियाच्या लाकडाचा होता, हे तर बायबलमध्येच आहे.

शिवाय अशा गोष्टी कधी घडल्याच नसतील असंही नाही. अथेन्सजवळ एल्युसिस इथे दीड-एक हजार वर्षं डिमीटर देवीचे गुप्त विधी चालत. दीक्षा घेणारे 'किकेऑन' नावाचं पेय पीत. होमरच्या नावावरच्या स्तोत्रात त्याची कृती आहे: बार्ली, पाणी आणि पुदिन्याच्या जातीची एक वनस्पती. रात्री आत काय दिसायचं ते बाहेर सांगणं गुन्हा होता. इ. स. पू. ४१५मध्ये अल्किबायडीससारख्या सेनापतीवर या विधींची घरात नक्कल केल्याचा आरोप झाला, तेव्हा त्याला पळून जावं लागलं. १९७८ साली वॉसन, रक आणि एलएसडी शोधणारा हॉफमन या तिघांनी मांडलं की त्या बार्लीवर अर्गट ही बुरशी असणार आणि तिच्यातून तो अनुभव येत असणार. सिद्ध झालेलं नाही, पण विचार करावा असं आहे. का? कारण तिथे लोक खरोखर काहीतरी पीत होते.

मेसनच्या तिसऱ्या दीक्षेत हिरामच्या डहाळीचा काढा कुणी पीत नाही. तिचं करायचं काय, तर खोचायची. आणि उपटायची.

आता सगळ्यात मजेची गोष्ट, जी मला त्या पुस्तिकेतच सापडली. प्रिचर्डच्या १७३०च्या मजकुरात 'अकेशिया' हा शब्दच नाही. तिथे 'कॅसिया' आहे. अकेशिया नंतर रूढ झाली, आणि पुढच्या मेसन लेखकांनी कॅसिया हा अपभ्रंश ठरवला. असेलही. पण रीलच्या पद्धतीने जुन्यात जुन्या शब्दात रसायन शोधायचं, तर कॅसियात शोधा. आमच्याकडे कॅसिया म्हटलं की पहिला आठवतो बहावा, कॅसिया फिस्टुला. उन्हाळ्यात पिवळ्या झुंबरांनी लगडतो तो. त्याच्या शेंगेतला गर तेव्हाच्या युरोपातले औषधवालेही ठेवत. पोट साफ करायला. मी भावाला हे लिहिलं: मेसन लोकांचं तीनशे वर्षांचं गुपित जुलाब असू शकतं. त्याने हसणारा चेहरा पाठवला. एकच. पूर्वी तो अशा गोष्टीवर दहा पाठवायचा.

एक मादक वनस्पती मात्र या लोकांच्या सुरुवातीला नक्की हजर होती. १७१७ साली लंडनच्या चार लॉज एकत्र येऊन पहिलं ग्रँड लॉज झालं असं परंपरा सांगते. त्या चार लॉज भरायच्या कुठे? 'गूज अँड ग्रिडायर्न', 'क्राऊन', 'अ‍ॅपल ट्री' आणि 'रमर अँड ग्रेप्स' इथे. चारही गुत्ते. बार्ली आणि हॉप्सची बिअर. हॉप्सचा वेल वनस्पतीशास्त्रात गांजाच्याच कुळात मोडतो, हे अकरावीच्या वर्गात सांगितलं की मागचे बाकही जागे होतात. पण त्यावर कुणी घोगऱ्या आवाजात रील करत नाही. जे उघड्यावर टेबलावर असतं त्यात कुणालाच गूढ दिसत नाही.

आपल्याकडेही मेसन लोकांभोवती हे वलय होतंच. त्यांच्या इमारतीला लोक 'जादूघर' म्हणायचे. मुंबईत जन्मलेला आणि स्वतः मेसन असलेला किपलिंग 'किम' कादंबरीच्या सुरुवातीलाच हा शब्द वापरतो. मुंबईत १८४३ साली 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' ही लॉज निघाली ती हिंदी लोकांना आत घेण्यासाठीच, आणि आधी आले ते पारशी. फोर्टात फ्रीमेसन्स हॉल आजही उभा आहे. बाहेरून पाहिला तर एखादं जुनं सरकारी कार्यालय वाटतं.

एप्रिलमध्ये भावाचा पुढचा प्रश्न आला आणि माझी चेष्टा थांबली. 'हरमल आपल्याकडे मिळतं ना?'

इथे थोडं शास्त्र सांगावं लागेल. डीएमटी नुसतं पोटात गेलं तर काही होत नाही. आतड्यात आणि यकृतात एक विकर असतं, मोनोअमाइन ऑक्सिडेज, ते त्याचा चुराडा करतं. अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातले लोक आयावास्का करताना डीएमटी असलेल्या पानांबरोबर एका वेलीचं खोड उकळतात. त्या वेलीत हे विकर रोखणारी द्रव्यं असतात. हरमलच्या बियांतही तीच द्रव्यं आहेत, म्हणून शॅननच्या तर्कात हरमल आलं. इराणी घरांमध्ये दृष्ट काढायला ते धुपासारखं जाळतात, तेवढ्याने काही होत नाही. खाण्याची गोष्ट वेगळी. ते विकर शरीरात उगीच बसलेलं नाही. सेरोटोनिन आवाक्यात ठेवणं हेही त्याचंच काम. आणि माझा भाऊ फेब्रुवारीपासून नैराश्याची गोळी घेत होता, सेरोटोनिन वाढवणारी. या दोन गोष्टी एकत्र आल्या तर ताप चढतो, स्नायू ताठरतात, झटके येतात, माणूस जाऊ शकतो. यात डीएमटी लागतही नाही, हरमल पुरेसं आहे. (डीएमटी आपल्याकडे १९८५च्या एनडीपीएस कायद्याखाली येतं, तेही त्याला सांगितलं. कायद्याचा या वयात काय परिणाम होतो ते मला वर्गात रोज दिसतं.)

मी फोन केला. सगळं सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "मग गोळ्या महिनाभर बंद ठेवतो."

"गोळी अशी मनाने बंद करायची नसते."

"ताई, मला नशा करायची नाहीये."

ते मला माहीत होतं. फेब्रुवारीत काका गेले. चोपन्न वर्षांचे होते, निलंगा तालुक्यातल्या आमच्या गावी, पहाटे, हार्ट अटॅकने. आदल्या रात्री त्यांनी याला फोन केला होता, अकरा वाजून काही मिनिटांनी. काका नऊला झोपणारा माणूस. याचं सबमिशन होतं, फोन सायलेंटवर होता. सकाळी पाहिलं तेव्हा एक मिस्ड कॉल, आणि त्याच्या वर काकीचे सतरा.

डीएमटी घेतलेले काही लोक सांगतात की त्यांना गेलेली माणसं भेटली, बोलली. त्याच्या फोनवर अशा मुलाखतींचा ढीग होता. त्याला मेसनशी, त्रिकोणाशी, डोळ्याशी काही घेणंदेणं नव्हतं. त्याला विचारायचं होतं की फोन कशाला केला होता.

मी त्याला मारिया साबिनाची गोष्ट सांगितली. ती मेक्सिकोतल्या वाहाका प्रांतातली माझातेक बाई, रात्रभर मंत्र म्हणत मशरूमचा विधी करायची. १९५५मध्ये तोच वॉसन, न्यूयॉर्कच्या बँकेतला मोठा अधिकारी, तिच्याकडे पोचला. तो विधी कुतूहलासाठी नसायचा. कुणी आजारी आहे, कुणी हरवलंय, अशा कारणासाठी असायचा. म्हणून वॉसनने मुलाची खुशाली कळत नाही असं कारण पुढे केलं. तिने त्याला आत घेतलं. १९५७मध्ये 'लाइफ' साप्ताहिकात त्याचा लेख आला, नाव-गाव बदलून, पण लोक पोचलेच. वाहाकाच्या त्या डोंगरातल्या गावात तरुणांची रांग लागली, मागोमाग पोलीस आले, तिचं घर जाळलं गेलं. परके आल्यापासून मशरूमची ताकद गेली असं ती पुढे म्हणायची. १९८५ला ती गरिबीतच वारली. मला त्याला एवढंच दाखवायचं होतं की तिथे मशरूमच्या भोवती एक म्हातारी असायची, जी रात्रभर शेजारी जागी राहायची. हॉस्टेलच्या खोलीत कुरिअरने आलेल्या पुडीभोवती कोण असणार?

तो म्हणाला, "वॉसनच्या मुलाचं पुढे काय झालं? खुशाल होता का?"

त्याला तेवढंच ऐकू आलं होतं.

मग मी त्याला हिरामची गोष्ट पुन्हा सांगितली, कारण रीलने ती अर्धीच सांगितली होती. डहाळी हातात येते, प्रेत सापडतं. पण शब्द? तो कारागीर मेला, शब्द त्याच्याबरोबर गेला. शोधायला गेलेले ठरवतात की खरा शब्द आता मिळणार नाही, तेव्हा प्रेत सापडल्यावर जे तोंडून निघेल ते खऱ्याच्या जागी वापरायचं. आजही तिसरी दीक्षा घेतलेल्या मेसनला जो शब्द कानात सांगतात तो बदली शब्द असतो, आणि तो बदली आहे हे त्याला सांगूनच देतात. एवढी दीक्षा, एवढ्या शपथा, आणि हातात काय तर आम्हाला खरं माहीत नाही, तोवर हे धर. मला यातलं झाडाचं रसायन पटलं नाही, पण हे जे आहे ते कुणीतरी माणूस गमावलेल्या माणसाने रचलंय असं वाटतं. व्हर्जिलच्या 'इनीड'मध्येही तिसऱ्या सर्गात इनियस एक झुडूप उपटतो, त्यातून रक्त येतं आणि खालून पुरलेला पॉलिडोरस बोलतो. मेसन लोकांनी तिथूनच घेतलं असेल असं काही अभ्यासक म्हणतात. घेतलं असेल तर एक बदल करून घेतलंय: हिराम बोलत नाही.

तिकडून बराच वेळ काही आवाज नाही. मग तो म्हणाला, "आपण आप्पांवर पण बाभळीचे काटे टाकले होते."

टाकले होते. आमच्यात पुरतात. बसवून, हातात इष्टलिंग, भोवती विभूती आणि बेलाची पानं. माती लोटून झाल्यावर वर बाभळीच्या फांद्या टाकल्या, कुत्री-कोल्ही उकरू नयेत म्हणून. त्या आणायला हाच गेला होता विहिरीकडे, कोयता घेऊन. हाताला दोन-तीन ठिकाणी काटा मोडला होता आणि तो काकीने संध्याकाळी सुईने काढला होता, कारण तेवढं एक काम तिला करता येण्यासारखं होतं. जुन्या मेसन लेखकांपैकी काहींचं म्हणणं असंच रोकडं आहे: डहाळी थडग्याची खूण म्हणून होती, कुणी त्यावर पाय देऊ नये म्हणून. मला हे सगळ्यात पटतं. अमरत्व वगैरे अर्थ मागाहून चिकटतात. आज मेसन आपल्या माणसाला पुरताना खड्ड्यात हिरवी डहाळी टाकतात.

"मग खरा शब्द कधीच मिळत नाही त्यांना?" त्याने विचारलं.

"पुढे रॉयल आर्च नावाची आणखी एक दीक्षा असते. तिथे सापडतो म्हणे."

"म्हणजे अ‍ॅडव्हान्स कोर्स. त्याची फी वेगळी."

फेब्रुवारीनंतर त्याचा तसला आवाज मी पहिल्यांदा ऐकला. मी विचारलं, गोळी घेतली का आज. घेतली होती. डॉक्टरांची पुढची तारीख सोमवारची होती. मी म्हटलं मी येते पुण्याला, बरोबर जाऊ. तो नको म्हणाला नाही.

काकांच्या जागेवर कट्टा बांधायचा ठरलाय, दिवाळीनंतर. काकीला ग्रॅनाइटची पाटी हवी आहे, लातूरहून दर मागवलाय. त्याआधी वाळलेले काटे काढावे लागतील. ते मी काढतो असं त्याने सांगितलंय. बरोबर हातमोजे आण, असं मी त्याला लिहिलं, तर त्याचं उत्तर आलं: कोयता आहे.